तेलाची चौकट

माझी बायको एकदा बोलता बोलता 'न्हाय' म्हणाली, तेव्हा मला पहिल्यांदा हेवा वाटला. आम्ही दादरहून मीरा रोडला राहायला आलेली माणसं. आमच्या घरात 'नाही' म्हणत. तो 'न्हाय' तिने घोडबंदरच्या एका मेकॅनिकच्या शेडमधून आणला होता, हाताला लागलेल्या तेलासारखा, नकळत.

शेड खाडीच्या अंगाला होती. मेकॅनिक पन्नाशीचा, त्याच गावातला. कुठलासा बंगला रिकामा होत असताना त्याने तिथली एक जुनी फ्रेंच मोटार ओढून आणली होती. त्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकापाशी नारळाएवढा लोखंडी गोळा, त्यात एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला तेल. इंजिन सुरू झालं की पंप तेल दाबतो आणि बसलेली गाडी उठून उभी राहते. ही मात्र कित्येक वर्षं पोटावर बसून होती. बायको गोडदेवजवळच्या एका कारखान्यात तेलाच्या दाबावर चालणारे प्रेस तपासायची. मेकॅनिक आपला जॅक तिथे दुरुस्तीला घेऊन गेला, तेव्हा ओळख झाली आणि गाडीच्या कामासाठी दर रविवारी ती दोन डबे भरून घोडबंदरची बस धरू लागली.

मी कॉलेजात फ्रेंच शिकवत असे. त्यामुळे गाडीच्या पुस्तकाची झेरॉक्स माझ्याकडे आली. मी एकेक पान मराठीत करून वहीत उतरवायचं, तिने ते शेडमध्ये वाचून दाखवायचं. मला वाटलं, आता मीही त्यांच्यात आलो. पण वही जायची आणि मी घरी राहायचो.

एकदा मुद्दाम गेलो. गाडीखालून चार पाय बाहेर आले होते.

"मास्तर, स्टूल पुसून बसा, न्हायतं पँटीवर नकाशा उठंल," मेकॅनिकचा आवाज आला.

"त्यांना उभंच राहू द्या हो दादा. वर्गात सवय आहे," बायको म्हणाली, आणि गाडीखाली दोघं हसले.

ती त्याला दादा म्हणे, तो तिला ताई. संशय घ्यावा असं काही नव्हतं आणि मी तो घेतलाही नाही. माझ्याशी बोलताना ती वाक्य पूर्ण करायची. तिथे 'तो बारका' एवढंच म्हणाली की हवा तो पाना तिच्या हातात येत होता. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

काम तेल भरण्यापर्यंत आलं. एका संध्याकाळी पोळ्या करताना तिने विचारलं, "दादा म्हणतात, या गाडीचे ब्रेकही याच तेलावर चालतात, म्हणजे ब्रेकचंच तेल असणार. मला काही पटत नाही. पुस्तकात आहे का काही?"

पुस्तकात होतं. पानाच्या तळाशी जाड रेघांची चौकट होती आणि ती मी आदल्याच दिवशी वाचली होती. फक्त हिरवं खनिज तेल वापरा. ब्रेकचं तेल घातल्यास सगळी रबरं निकामी होतील. तिने 'दादा म्हणतात'ने सुरुवात केली नसती, तर मी कदाचित सांगितलं असतं.

"तेलाचं काही दिसलं नाही," मी म्हणालो.

"नीट बघितलंत?"

"बघितलं."

गाडी बिघडावी असं मला वाटत नव्हतं. तो एकदा तिच्यासमोर चुकायला हवा होता, इतकंच.

तो चुकला. पहिल्या रविवारी गाडी वीतभर उठली. बायको घरी येऊन हाताने वीत दाखवत राहिली, मलाही आणि शेजारणीलाही. तिसऱ्या रविवारी नळ्यांच्या प्रत्येक सांध्यातून तेल टपकू लागलं. फुगलेली एक रबरी कडी तिने रुमालात बांधून आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. त्या रात्री मी वहीत त्या पानाच्या तळाशी चौकट उतरवली, रेघा पट्टीने आखून.

सकाळी तिने ती वाचली. "हे मागच्या महिन्यातलं पान आहे," ती म्हणाली.

"हो."

चौकटीवरून तिने बोट फिरवलं. "अक्षर चांगलं आलंय," म्हणाली आणि वही पिशवीत टाकली. पुन्हा कधी तो विषय तिने काढला नाही.

सगळ्या नळ्या काढून धुवायच्या, रबरं नवी बसवायची, हिरवं तेल शोधायचं, यात सात महिने गेले. त्यातच तिचं दुखणं निघालं. शेवटी शेवटी तिला बसची पायरी चढवेना. फेब्रुवारीत ती गेली. गाडी अजून बसलेलीच होती.

मे महिन्यात मेकॅनिकचा फोन आला. "मास्तर, गाडी चालू कराची हाय. वही घेऊन या."

त्याने मला पुढे, आपल्या शेजारी बसवलं आणि चावी फिरवली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग गाय उठते तशी गाडी आधी मागून आणि मग पुढून उठली. समोरच्या काचेतून खाडीचं पाणी दिसू लागलं.

"ताई पायजेल होती," तो म्हणाला.

माझ्याच्याने राहवलं नाही. "तेलाचं मला माहीत होतं. तिने विचारलं होतं. मी नाही म्हणालो."

त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. "म्हाईत हाय. ती बोल्ली, 'वहीत होता, माजाच वाचाचा रायला.' ताईचा काय वाचाचा रायेल, मास्तर? ती बिस्कुटाच्या पुड्यावरचा पन वाची." मग म्हणाला, "मीच बोल्लो तिला, 'मास्तरांना काय इचारू नको.' तं बोल्ली, 'न्हाय इचारत.'"

म्हणजे इथेच, हात पुसता पुसता, दोघांनी माझं काय करायचं ते ठरवलं होतं. मला सोडून दिलं होतं. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण नंतर. आधी वाटलं की ते बोलणं चाललं होतं तेव्हा तिचा चेहरा कसा होता, ते याने पाहिलंय आणि मी नाही.

त्याने इंजिन बंद केलं आणि चहा सांगायला गेला. इंजिन थांबलं तरी ही गाडी लगेच बसत नाही, दाब हळूहळू उतरतो. चहा आला, निवला. मी वही मांडीवर घेऊन, काचेतलं पाणी पुन्हा दिसेनासं होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.