हिरड्याखालची दोन बोटं

आप्पांच्या डाव्या हाताची दोन बोटं माझ्या आजीनं तोडली होती. कोयत्यानं. दिवसाढवळ्या, गावासमोर.

लोकांना वाटायचं लढाईत गेली. पण आप्पा, माझे आजोबा, बर्म्याच्या लढाईतनं धड आले होते.
"जपान्याला जमलं न्हाई ते हिनं केलं," असं ते पाहुण्यांना सांगायचे. आजी चहा ओतायची.

परवा आप्पा गेले. आज सावडून आलो. फोटो टाकत नाही, गोष्ट टाकतो.

उंब्रजहून आत, डोंगरात आमचं गाव. देवीची राई आहे. तिथली वाळकी काटकीही घरी आणायची नाही. आत लोखंड न्यायचं नाही.
आणि नव्या सुनेनं माहेरच्या राईतलं बी आणून इथं लावायचं.

"घरातल्या घरात सोयरीक केली तर पोरं किडकी निपजत्यात," आजी म्हणायची. "झाडांचं काय येगळं हाय?"

तिनं हिरडा आणला. तिच्या आधी तिच्या माहेरगावाहून आलेल्या सुनांचेही हिरडे होते.
आमचा हिरडा लांबट फळाचा. तिकडचा गोल फळाचा, उशिरा फुलणारा. गारांनी आमचा मोहर झडला तरी तो फळायचा.

लढाईत पेट्रोल मिळेना, तशा मोटारी लाकडी कोळशावर चालायला लागल्या. आजीच्या माहेरची सगळी राई ठेकेदाराच्या भट्टीत गेली.
रान संपलं, तशी तिथली माणसं गुरं घेऊन आमच्या हद्दीत शिरली. मारामारी झाली. आप्पांच्या धाकट्या भावाचं, धोंडीबाचं डोकं त्यांनी काठ्यांनी ठेचलं. चेहरा ओळखू येत नव्हता म्हणे.

आप्पा पलटणीतनं डिस्चार्ज घेऊन आले, ते या बातमीवर.

मारेकरी पळालेले. हाताला कुणी लागेना, म्हणून गावानं ठरवलं, त्या गावाहून आलेलं एकही झाड राईत ठेवायचं नाही. कुऱ्हाडी घेऊन सगळे आत घुसले. पुढं आप्पा.

आजीचा हिरडा तेव्हा कमरेएवढा. आप्पांनी डाव्या हातानं शेंडा धरून वाकवला आणि उजव्यानं कुऱ्हाड उचलली.

कोयता आला.
बोटं पाचोळ्यात पडली.

कुऱ्हाड अजून वरच होती. आता ती आजीच्या डोक्यावर होती.

"तुजा भाऊ व्हता का गं त्येंच्यात?"
"व्हता."
"आन् तू त्येचं झाड राखतीस?"
"भावाला तोडा. मी आडवी येनार न्हाई. झाड त्येचं न्हाई. तकडं एकबी उरलं न्हाई. हितली गेली की जातच बुडली."

रक्त शेंड्यावरनं मुळाशी उतरत होतं.
म्हातारा गुरव पुढं आला. "देवीनं दंड घेतला. लोखंड भाईर न्या."
आप्पांनी कुऱ्हाड खाली घेतली. गाव मागं फिरलं.

पुढं भावाला जन्मठेप झाली. आजीनं त्याला परत कधी ओवाळलं नाही. भाऊबीजेला दिवसभर ती कुणाशी बोलायची नाही.

आणि आप्पा?
फळं पडायला लागली की त्या हिरड्यांतल्या प्रत्येक झाडाखालचं मूठमूठ बी गोळा करायचे. एकाच झाडाचं कधी नाही. ते घेऊन सासुरवाडीच्या बोडक्या डोंगरावर लावायला जायचे.
पहिल्या वर्षी तिथल्या लोकांनी दगडांनी डोकं फोडलं.
दुसऱ्या वर्षी जाड मुंडासं बांधून गेले.

"आप्पा, ज्यांनी सख्खा भाऊ मारला त्यांच्याकडं कशाला जायचा?" मी एकदा चिडून विचारलं. मला अजूनही राग येतो.
"त्येंच्याकडं कोन गेलतं? मी डोंगराकडं गेलतो."

आज तिकडं हिरड्याचं रान आहे.

तोडलेली बोटं आजीनं त्याच रोपाच्या मुळाशी पुरली होती. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. ते झाड आता माझ्या कवेत मावत नाही.

सकाळी रक्षा तिथंच नेली. खड्डा हातानं उकरला, लोखंड नेलं नाही.

दोन बोटं तिथं आधीच होती. आज बाकीचे आप्पा पोचले.

रामराम, आप्पा.