दहावी गोष्ट

सुमनताईंच्या घराची मापं घेत होतो, तेव्हा साहेबांचा फोन आला.

"नऊच झाल्या ना? दहा पायजे. बोर्डावर नऊ चांगल्या दिसते का यार?"

मी सर्व्हेअर. पवनीच्या जुन्या कोटाच्या आतल्या वस्तीचा सर्व्हे आमच्या कन्सल्टन्सीकडे होता. शेवटी गावात एक बोर्ड लावायचा होता: जुन्या पवनीच्या दहा आश्चर्यकारक गोष्टी. नऊ खऱ्या होत्या, मी स्वतः पाहिलेल्या.

सुमनताई कोष्टी, नवरा गेल्यावर एकट्याच विणायच्या. त्यांचा खड्डामाग होता. म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं आणि खालच्या फळ्या पायानं दाबत आडव्या सुताचा धोटा फेकायचा. त्या दिवशी त्यांनी मलाही तिथं बसवलं. "बसून तं पाहा भाऊ, मंग समजन कंबर कशी मोडते ते." तिथंच चहा झाला.

फील्ड बुक म्हणजे जागेवर दिसलं ते तिथंच लिहायची वही. त्यात मी लिहिलं : मागाचा खड्डा, खोली अडीच फूट.

रिपोर्टमध्ये लिहिलं : भुयाराचे तोंड, सध्या बुजलेले.

साहेब खूश झाले. बोर्ड लागला, दहाव्या ओळीत भुयार. लोक सुमनताईंच्या घरात डोकावू लागले, मागाच्या सुतावरून हात फिरवू लागले. मग कोणीतरी तक्रार केली की भुयार उघडं आहे, लेकरू पडेल. नगरपरिषदेची माणसं आली. माग सोडवून भिंतीला लावला, खड्ड्यावर लोखंडी झाकण बसवलं आणि कुलूप ठोकलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या.

"भाऊ, तुमीच तं पाय सोडून बसले होते त्यात. तुमाले मालूम होतं ना?"

साहेब बाजूलाच होते. दुसऱ्या टप्प्याचं काम मिळायचं होतं.

"वरून आदेश आहे, ताई," मी म्हणालो.

"वरून म्हंजे कोणाच्या वरून?"

मी कॉम्प्युटरवर दुसरी फाईल उघडली. फील्ड बुक टेबलाच्या खालच्याच ड्रॉवरमध्ये होतं. एका पानाची झेरॉक्स दिली असती, तर कुलूप निघालं असतं. मी ड्रॉवर उघडला नाही. दोन वर्षं उघडला नाही.

सुमनताई जवाहरनगरला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये पोळ्या लाटायला जातात, हे कळलं तेव्हाही नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती नोकरी सुटली. मग टेबल रिकामं करताना उघडला. म्हणजे धीर आला तो गमवायला काही उरलं नाही तेव्हा. झेरॉक्स जोडून नगरपरिषदेत अर्ज दिला. पंधरा दिवसांत बोर्ड निघाला, कुलूप निघालं. इतकं सोपं होतं.

सांगायला गेलो. माग भिंतीशी नव्हता. एका पावसाळ्यात लाकडाला वाळवी लागली, उरलेलं चुलीत गेलं.

"माफ करा, ताई."

त्यांनी खड्ड्याकडे बोट केलं.

"काहून काढला बोर्ड? मागच नाही, तं खड्डा कायचा? आता कोणी इचारलं तं मी बी भुयारच सांगीन."

चहा त्यांनी विचारला नाही.

आता नव्या मुलांना सर्व्हे शिकवतो तेव्हा एवढंच सांगतो : नऊ मोजल्या असतील, तर नऊ लिहा.