वर दिलेला फिल्टर

अंधेरीतल्या एका दुर्बीणवाल्याने मला फसवलं. मी त्याला फसवलं नाही. मी भाव पाडला, आणि भाव पाडणं म्हणजे फसवणं नव्हे. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्याच्या लेथवर उभं राहून मी स्वतःचा गाळा केला. घासाघीस न करता साधं ड्रिल बिटही कधी घेतलेलं नाही.

मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर लावायला मुलीसाठी छोटी दुर्बीण घेतली होती. तिच्यासोबत पंचवीस मिलिमीटरचा आयपीस आला, म्हणजे डोळा लावायची भिंगांची नळी. चंद्र छान दिसायचा, पण मला आणखी मोठा हवा होता. म्हणून मुलीला घेऊन त्या दुकानात गेलो.

"सहाचा घ्या साहेब. आकडा लहान, चित्र मोठं," दुकानदार म्हणाला.

मुलीने माझी बाही ओढली. "बाबा, नको रे. भोक बघ केवढंसं आहे. चष्मा लावून काही दिसणार नाही मला. आणि आपल्या एवढ्याशा दुर्बिणीत सगळं अंधुक होईल."

"तू गप गं. मोठं दिसेल ना? झालं तर."

सहाचा आयपीस घेतला, चंद्राची चकाकी कमी करणारा एक फिल्टर घेतला. दुकानदार कपाळ पुसू लागेपर्यंत भाव खाली आणला. मग नेहमीचा प्रश्न टाकला, "बरं, वर काय देणार?"

त्याने खालचा खण उघडून काळ्या काचेची एक टिकली माझ्या तळहातावर ठेवली. "सूर्याचा फिल्टर. आयपीसच्या तळाशी फिरवून बसवा आणि खुशाल सूर्य बघा. तुमच्यासाठी वर."

मी त्याचे आटे तपासले. झकास होते. आटे मला कळतात. काच कळत नाही. काच कळणं हे त्याचं काम होतं.

रविवारी सकाळी गच्चीवर गेलो. नळीची सावली लहानात लहान होईपर्यंत दुर्बीण फिरवून मुलीने सूर्य नेमका धरला. सूर्यावरचे डाग मोठे दिसावेत म्हणून मी सहाचाच आयपीस लावला, खाली तो काळा फिल्टर.

"सांगितलं होतं ना, यात चष्मा चालत नाही," ती कुरकुरली. तिने चष्मा काढला, पुसला, घडी करून डबीत ठेवला.

तेवढ्यात 'टच्च' असा आवाज झाला. काच उभी तडकली होती. आयपीसमधून पांढराशुभ्र झोत बाहेर आला. मी हात आडवा घातला आणि चटका बसून मागे घेतला. चष्मा डबीत ठेवायचा नसता, तर तिथे माझ्या हाताऐवजी तिचा उजवा डोळा असता.

सूर्याचा खरा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसतो, म्हणजे ऊन आत शिरायच्या आधीच अडतं. आतल्या टिकलीवर मात्र सगळी आग एका जागी गोळा होते. हे मला त्यानंतर कळलं. दुकानदाराला आधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तडकलेली काच त्याच्या काउंटरवर आपटली. त्याने शांतपणे पाहिलं. "साहेब, हा माल आम्ही विकायचा कधीच बंद केलाय. खणात पडून होता. तुम्हीच वर मागितलंत ना?"

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारचे दोन दुकानदार मला धरायला आले, एवढं पुरे.

त्याचा चंद्राचा फिल्टर चांगला निघाला, हे मान्य करतो. मुलगी आता पंचविसाच्याच आयपीसमधून चष्मा लावून बघते, आणि सहाच्याबद्दल तिचंच बरोबर होतं, हेही मान्य. पण मुलुंड स्टेशनबाहेरची भाजीवाली मला रोज वर कोथिंबीर देते. एकदाही तिने टाकून द्यायची जुडी माझ्या पिशवीत घातलेली नाही.

मी वर मागितलं, पुढेही मागेन. पण जी काच त्याने विकायच्या लायकीची मानली नव्हती, ती समोर माझी मुलगी उभी असताना त्याने खणातून काढली कशी? "खुशाल बघा" म्हणाला कसा? ती काच मी गाळ्यात टेबलावर ठेवली आहे. त्याने इथे यावं, ती हातात घ्यावी आणि माझ्या मुलीच्या डोळ्याकडे बघून याचं उत्तर द्यावं.