रेवाल चालीच्या दोन फेऱ्या

घोडी उभी होती, हे आधीच सांगून टाकतो. धावत्या घोड्यावरून पडलेल्या माणसाला निदान चार ठिकाणी सांगता तरी येतं. मी उभ्या घोडीवरून पडलो. तेही आमच्याच शेतात, हरभऱ्याच्या बांधाला, डोळे मिटलेले असताना.

डोळे मिटले होते ते शांत व्हावं म्हणून. बायको सकाळी मोबाइलवर बघून श्वासाचे प्रकार करते. तिने सांगितलं होतं, चार आकडे मोजत श्वास घ्या, आठ मोजत सोडा. खांदे सोडा, पोट सोडा. पोट सोडायला मला वेगळं काही करावं लागत नाही. कॉलेजच्या ऑफिसातल्या खुर्चीने ते बावीस वर्षांत सोडूनच ठेवलंय. बाकीचं मी सोडलं. खांदे सोडले, गुडघे सोडले, लगामही सोडला. सहाव्या आकड्याला घोडीने हरभऱ्याचा पाला ओरबाडायला मान खाली घातली आणि मी तिच्या मानेवरून घसरगुंडीवरून यावं तसा थेट तिच्या तोंडापुढे येऊन बसलो. तिने मला एकदा हुंगलं. मी खाण्यातला नाही हे कळल्यावर ती बाजूला वळली.

बांधावर बाज टाकून काका बसले होते. ते म्हणाले, "ढिल्ला ऱ्हाय म्हनं तुले. सांडी जाय नही म्हनं!"

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तापीकाठी, शहाद्याच्या बाजूला आमचं गाव. गावात केळी आहे, कापूस आहे, ऊस आहे, दारोदारी ट्रॅक्टर आहे. घोडी मात्र एकट्या काकांकडे, आणि ती कामाची नाही, चालीची. आमच्याकडे मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरते, तिच्यासोबत घोड्यांचा बाजार भरतो आणि बाजाराच्या मैदानात रेवाल चालीची स्पर्धा होते. रेवाल चाल म्हणजे घोडी एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलते, मग दुसऱ्या बाजूचे. भरभर चालते, पण पळत नाही. वर बसलेला माणूस उसळत नाही. हातात भरलेला पेला असला तरी पाणी हिंदकळत नाही. सगळी मेख त्या वरच्या माणसात असते. त्याची कंबर आवळली, मांड्या ताठरल्या, की घोडीला वाटतं काहीतरी संकट आलंय, आणि ती चाल मोडून दौडायला लागते. चाल मोडली की पंच लाल झेंडी दाखवतात. दुसऱ्यांदा दाखवली की बाद.

ही चाल काकांनी तीन वर्षं खपून घोडीच्या अंगी बाणवली होती. यंदा पावसाळ्यानंतर ते न्हाणीत घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, घोडा आता विसरायचा. काकांनी ते मुकाट ऐकून घेतलं. त्यांना लागलं ते वेगळंच. शेजारच्या शेतातले केळीवाले त्यांना भेटायला आले आणि अगदी कौतुकाने म्हणाले, "काका, आता कसली चाल? घोडी कुठं चालत होती, तुमची मांडी चालत होती!"

त्या दिवशी काका भरल्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तीन वरीस मी तिले शिकाडं. ते तिना पायमा शे का मन्हा खुब्यामा, ते माले पाहनं शे. खुब्यामा व्हई, ते तर डॉक्टरनी काढी टाकं." यंदा दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली तिने मैदानात चालायला हवं होतं. काकांचा एक मुलगा सुरतेला, दुसरा घोडीच्या मागूनही जात नाही. उरलो मी. दर रविवारी मी तिला गुळाचा खडा देतो म्हणून ती मला अंगाला हात लावू देते. माझी निवड घोडेस्वारीवर नव्हे, गुळावर झाली.

महिनाभर सराव केला. सकाळी ऑफिसच्या आधी मी शेताच्या वाटेवर फेऱ्या मारायचो, काका बाजेवरून ओरडायचे.

"आरे, कंबर कसाले आवळस? तिले वाटी ऱ्हायनं वाघ उना!"

"ढिल्लाच शे मी, काका!"

"तुना थोबाडवर दिसी ऱ्हायनं ना, कितला ढिल्ला शे ते!"

शेवटच्या आठवड्यात उजव्या हातात पाण्याचा पेला आला. पहिल्या दिवशी पेला रिकामा आणि पँट ओली. त्या पँटवर मी तसाच ऑफिसला गेलो आणि दिवसभर टेबलामागून उठलो नाही. शेवटच्या दिवशी मात्र अर्धा पेला पाणी शिल्लक राहिलं. काकांनी ते माझ्या हातातून घेऊन पिऊन टाकलं. यापेक्षा मोठी शाबासकी आमच्या घराण्यात नाही.

स्पर्धेच्या दिवशी ब्लडप्रेशरची गोळी घेतली की नाही ते मला आठवेना. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारताय." मैदानात फक्कीची गोल रेघ मारलेली, बाहेरून दोरी, दोरीला माणसं खेटलेली. काकांसाठी दोरीच्या अगदी जवळ प्लास्टिकची खुर्ची मिळवली होती. शेजारी केळीवाले, मागे बायको. आणि समोरच्या बाजूला आमच्या ऑफिसातले दोघं जण, मोबाइल वर धरून उभे. त्यांना पाहिलं आणि मी ठरवलं की आज रुबाबात बसायचं. ओठ मिटलेले, नजर समोर, चेहरा एखाद्या सरदारासारखा.

केळीवाले ओरडले, "भाऊसाहेब, ऑफिसची खुर्ची नाही ती, हलते बरं का!"

मी हसलो नाही. सरदार हसत नाहीत.

दोन फेऱ्या घालायच्या होत्या. पहिली फेरी सुरू झाली आणि मला घोडीची पाठ वेगळी लागली. रोज मऊ गादीसारखी लागणारी पाठ आज लाकडी फळी झाली होती. मी चार आकडे मोजत श्वास घेतला आणि आठ मोजत सोडायचा विसरलो. तिचे कान पुढे ताठ. अर्धी फेरी तिने कशीबशी चाल धरली, आणि नेमकी काकांच्या खुर्चीसमोर ती मोडली. तीन-चार ढांगा दौडली. पेला नव्हता म्हणून बरं. नाहीतर पंचांना आंघोळ झाली असती. मी लगाम आवरला, ती परत चालीवर आली, पण लाल झेंडी वर गेली होती. दोरीवरून एक लांबलचक "ओऽऽ" उठला.

मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. काठीवर दोन्ही हात ठेवून ते घोडीच्या पायांकडे बघत होते.  

दुसरी फेरी सुरू झाली आणि माझा सरदार गळून पडला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मेलो. संपलं आता. तुझ्या मालकाला काय तोंड दाखवू मी?"

घोडीचा डावा कान मागे वळला.

मी गप्प झालो. कान पुढे गेला, पाठ ताठली. मी म्हटलं, "अगं ऐक ना." कान परत मागे. आणि खोगिराखाली काहीतरी सैल झालं. तिचं की माझं, ते अजून मला सांगता येत नाही.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. काका घोडीवर असले की त्यांचे ओठ सारखे हलत असायचे. आम्ही घरातले सगळे समजायचो, नामस्मरण करतात. एकदा मी जवळून गेलो होतो तेव्हा ऐकलं होतं, ते विहिरीवरची मोटार दुरुस्त करणाऱ्याला शिव्या घालत होते. घोडीला तीन वर्षं वरून बडबड ऐकत चालायची सवय. काकांनी मला सगळं शिकवलं, एवढं सोडून. कारण आपण हे करतो याचा त्यांनाच पत्ता नव्हता. सरावात हे लक्षात यायचं काही कारण नव्हतं, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांवर ओरडतच होतो.

म्हणजे बोलत राहायला हवं होतं. पण काय बोलणार? मला ना मोटारीतलं कळत, ना केळीतलं. मग जे होतं ते सांगायला लागलो. म्हटलं, नवापूरचा आमचा मेहुणा दर खेपेला अंड्यांचा ट्रे आणतो आणि त्याच्या बदल्यात तीन तास सल्ले देतो. म्हटलं, साहेब केबिनमधून बाहेर आले की मी उभा राहतो आणि मग दिवसभर स्वतःवर चिडतो. घोडी चालत होती. माझी कंबर कुठे आहे हे मी विसरून गेलो होतो. म्हटलं, मला शेपूची भाजी आवडत नाही गं. लग्न झाल्यापासून आवडते म्हणून सांगतोय, आता कुठल्या तोंडाने फिरवू? असं बरंच. मग खुर्ची जवळ यायला लागली, तसं म्हटलं, हे बघ, तू चाल मोडलीस तरी मी गावात राहीन, लोक आठ दिवस हसतील आणि विसरतील. पण त्या माणसाला पुन्हा ताटावरून उठताना मला बघवणार नाही. तेवढी ही खुर्ची पार कर.

तिने खुर्ची पार केली. पाय एका लयीत पडत होते, टप टप, टप टप. उरलेली अर्धी फेरी मी तिला शहाद्यातल्या दाताच्या डॉक्टरची हकीकत सांगितली. दोरीजवळून जाताना माझा आवाज किती चढला होता, हे मला कळलं नाही. लोकांना कळलं.

दुसरी झेंडी उठली नाही. आमचा पाचवा नंबर आला. आठ घोडे होते, तीन बाद झाले होते. हिशेब ज्याचा त्याने करावा.

मी खाली उतरून दोरीपाशी आलो. काका केळीवाल्यांना विचारत होते, "कोन चालनं रे?"

"घोडी चालनी, काका."

"मन्ही मांडी कोठे व्हती?"

"खुर्चीवर व्हती, काका. चुकनं मन्हं."

काकांनी मान हलवली. मग घोडीला जवळ आणायला सांगितलं, बसल्या बसल्याच तिच्या पुढच्या दोन्ही पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि खिशातली भाकरी काढून तिला दिली. माझ्यासाठी खिशात काही नव्हतं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "आनि तू काय बडबड करी ऱ्हायना व्हता? घोडीवर बठीसन कोनी बोलस का?"

 घोडीने तेवढा एक कान त्यांच्याकडे वळवला.

बायको दोरीखालून आत आली. घोडीच्या आयाळीतली धूळ झटकत झटकत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेपूनं मी ऐकं. ते घर गयावर पाहू. पन या घोडीले आते दोन दिन जीन टाकू नका. तुमनं समदं ऐकनं काही सोपं काम नही. पंचवीस वरीसपाइन मी ऐकस, माले माहिती शे."