पहिल्या पडद्यावरचा मानपान

आमच्या साडूंइतका घाईचा माणूस सबंध सातारा जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका उशिरा पोचणाराही. एस.टी. दिसली की ते आधी चढत आणि कुठली ते नंतर विचारत. एकदा कराडहून आमच्याकडे सांगलीला यायला निघालेले गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुपारी पाचगणीची स्ट्रॉबेरी घेऊन उगवले. चूक कबूल करणं स्वभावातच नव्हतं. "पोरास्नी आणायचीच हुती," म्हणाले आणि चहाला बसले. लग्नात अक्षता पडायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असे आणि आहेर मात्र घरीच राहिलेला असे.

घर उंब्रजला आणि नोकरी माण तालुक्यात, दहिवडीला. जनावरांचे डॉक्टर. हाताला गुण होता, पण औषधाचं प्रमाण काही केल्या लक्षात राहत नसे. म्हशीचा डोस मेंढीला जाऊ नये म्हणून स्कूटरच्या डिकीत एक जाडजूड पुस्तक असायचं, आणि त्यातलं पान सापडेपर्यंत जनावराचा मालक घामाघूम व्हायचा. नव्वदचं दशक सरता सरता त्यांच्या मुंबईच्या भाच्यानं पंज्याएवढा एक संगणक आणून दिला आणि साडूंची झोप उडाली. "पावणं, अख्खं पुस्तक खिशात बशिवतो. माळावर हुभा राहून कुनीबी वाचंल," असं त्यांनी मला फोनवर तीनदा सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. साडूंनी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडून एकेक अक्षर स्वतः काढलं आणि आत घातलं. दवाखाना सुटला की हाच उद्योग. पण पहिला पडदा कसा असावा, याचा त्यांच्यापुढे एकच नमुना होता, तो म्हणजे लग्नपत्रिका. वर गणपती, खाली 'पालीचा खंडोबा प्रसन्न', मग आशीर्वाद म्हणून वडील, चुलते, मामा, सासरे, आणि शेवटी 'आपला नम्र' म्हणून खुद्द साडू. एक नाव राहिलं तर घरात महाभारत, म्हणून कुणालाच वगळलं नव्हतं.

यंत्राची पहिली परीक्षा दहिवडीजवळच्या एका वाडीवर झाली. मी स्कूटरवर मागे होतो. एका धनगर बाईची मेंढी ओली लसूणघास खाऊन फुगली होती आणि पाय झाडत होती. साडूंनी ऐटीत यंत्र काढलं. गणपतीचा मुकुट आला. सावकाश कान आले. सोंड उतरायला लागली. मी मेंढीचं डोकं वर धरून बसलो होतो आणि तिचा श्वास माझ्या मनगटावर तुटक तुटक लागत होता. चुलते आले, मामा आले. बाईनं वाकून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आवं डागतर, माजी मेंढी मरतीया आन तुमी कुणाच्या लग्नाची पत्रिका वाचताय?"

शेवटी डोस सापडला, गोडेतेल पाजलं, मेंढीनं मोठा ढेकर दिला आणि वाचली. परत येताना मात्र साडूंनी आयुष्यात पहिल्यांदाच स्कूटर सावकाश चालवली. मला त्यांची फार दया आली.

त्या आठवड्यात त्यांनी कापाकापी सुरू केली. गणपती गेला, चुलते गेले. मामांनी अबोला धरला, सासऱ्यांनी जावयाच्या घरचं पाणी वर्ज्य केलं. साडू बधले नाहीत. "मान लग्नात दिईन. हितं ज्याला घाई त्याचा मान पैला," म्हणाले. स्वतःचं नाव तर त्यांनी हसत हसत पुसलं. अडलं एका नावावर. त्यांचे वडील, आबा, त्याच वर्षी गेले होते, आणि सगळ्यात सुबक अक्षरं त्यांच्याच नावाची होती. तेवढं येईपर्यंत प्रत्येक वेळी थांबावं लागे, आणि साडू थांबत.

एका सकाळी ते सांगलीला आमच्या घरी आले, चहाला हात लावला नाही, आणि माझ्यासमोर ते नाव पुसलं. "आबा असतं तर म्हणालं असतं, आदी मेंढी बघ रं," म्हणाले. डोळे पुसले, आणि लगेच यंत्र माझ्या हातात कोंबलं. "दाबा." दाबलं. बोट उचलायच्या आत पडद्यावर आलं, 'काय होतंय?', आणि खाली चित्रं : पोट, तोंड, पाय, कास. मग माझ्या बायकोला दाबायला लावलं, शेजारच्या काकूंना लावलं, इस्त्रीवाल्याला जिन्यावरून वर बोलावलं. साडू घरभर नुसते नाचत होते. चहा तसाच निवला.

साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या यंत्रातले सेल उतरले की आतलं सगळं पुसलं जातं, हे त्यांनी आक्कांना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, कधीतरी सांगितलं होतं. परवा उंब्रजला गेलो तर आक्का देवघराशेजारच्या फडताळातून यंत्र काढून नवे सेल घालत होत्या. कोण वापरतं, असं मी विचारलं.

"कोन वापरनार? मीबी रोज न्हाई उघडत. लयच कासावीस झालं तरच," म्हणाल्या आणि कळ दाबली. 'काय होतंय?' आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "बगा पावणं, जरा म्हणून थांबवत न्हाई. लगीच इचारतंय."