भिंतीवरचं शिराळं

डहाणूला आमचं घर बांधून झालं तेव्हा बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला घर कमी आणि परिसरच जास्त दाखवायचे. "स्टेशन चालत जाण्यासारखं, दवाखाना कोपऱ्यावर, बाजार हाकेच्या अंतरावर. आणि धाकटी डहाणू गावची कोळीण मावशी बोंबील घेऊन थेट फाटकाशी येते!" एखाद्या बिल्डरने त्यांना पगारावर ठेवलं असतं.

आईला यातलं काहीच नको होतं. तिची हयात तलासरीपलीकडच्या आमच्या पाड्यावर गेलेली. "दिवाळीपर्यंत राहते. नाही करमलं तर मला बसमध्ये बसवून दे," असं तिनं मला आधीच बजावलं होतं. मला ती हवी होती, अगदी स्वार्थानं हवी होती. घर तिच्यासाठीच तर बांधलं होतं.

पावसाळ्यात तिनं कुंपणाच्या भिंतीला शिराळ्याचा वेल लावला. आमच्या पाड्यावर असे वेल मुद्दाम दोन घरांच्या मध्ये चढवतात. ज्याच्या अंगणात फळ लोंबेल, ते त्याचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. पलीकडे एक गुजराती काकू एकट्या राहायच्या. त्यांच्या चिकूची फांदी आमच्या अंगणात आली होती आणि आई त्याच रिवाजानं ते चिकू खुशाल तोडून खायची. मी शरमेनं अर्धी व्हायचे.

"आई, त्या बघतायत गं!"

"बघू दे की. फांदी त्यांनीच पाठवलीय."

पुढे वेलाला शिराळी धरली. पलीकडे लोंबलेलं शिराळं काकूंनी तोडलं आणि पिशवीत घालून आमच्या फाटकाला अडकवून ठेवलं. बाबांनी ते आनंदानं फ्रीजमध्ये टाकलं. दुसरं शिराळंही तसंच परत आलं. तिसरं आलं तेव्हा आईनं स्वयंपाक अर्धा टाकला आणि आपली लुगडी गाठोड्यात बांधायला घेतली. "दिलेलं परत करतात. असल्या वस्तीत मी नाही राहायची." दिवाळी अजून लांब होती.

पण माझी आई भांडण अर्धवट टाकून जाणारी नव्हे. पिशवी घेऊन ती तरातरा पलीकडे गेली, मी मागोमाग.

"तुझे चिकू मी खाऊन बसले, आणि माझं शिराळं तू परत करतेस? आता ते चिकू मी कुठून परत आणू?"

काकूंनी पिशवीकडे पाहिलं. "पण बेन, वेल तुमची ने? दुसऱ्याच्या वेलीला आपण कसा हात लावायचा? म्हणून तोडून देत होते."

"आणि मी चिकू तोडत होते, तेव्हा बोलली नाहीस ती?"

"काय बोलू? पोरं लांब राहतात. झाडाखाली चिकूंचा नुसता सडा पडतो. तुम्ही खाताना दिसलात, बरं वाटलं."

आई तिथंच त्यांच्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "विळी आण."

त्या दिवशी शिराळ्याची भाजी पलीकडे शिजली आणि आमच्या घरी अर्ध्या स्वयंपाकावर मी आणि बाबांनी भागवलं. गाठोडं संध्याकाळी मीच सोडलं. आईनं पाहिलं, पण हटकलं नाही.

दिवाळी येऊन गेली, बसचा विषय कुणी काढला नाही. बाबा अजून पाहुण्यांना स्टेशन, दवाखाना, बाजार ऐकवतात. आई तोंडातला चिकू संपेपर्यंत थांबते आणि म्हणते, "आणि भिंत बुटकी आहे, ते सांगा की."