परसाकडचं दुखणं

"मोठ्या आतड्याच्या शेवटाला गाठ आहे. कॅन्सरची," डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

"आठ महिने."

शेजारी बसलेल्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

काष्टीच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. पण एवढ्या एका गोष्टीला माझ्या तोंडी शब्द येत नव्हता. लहानपणी शिकलो तो 'परसाकडं'. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. जागेचं नाव घ्यायचं, कामाचं नाही. 'लघवी' तरी काय, नुसती 'लघु', धाकटी. हे सगळे शब्द तोंड लपवणारे. गावातल्या डॉक्टरांना मीही एवढंच म्हणालो होतो, "कोठा साफ होत नाही." त्यांनी चूर्ण दिलं.

आधी रेडिएशन झालं. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. पाच आठवडे एसटीने नगरला जायचं, बाकावर बसायचं, नाव पुकारलं की उठायचं. पुढेपुढे भीतीही वाटेना. नुसता थकवा.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी आतडं रिकामं करायचं औषध दिलं. माझ्या खेपा मोजत शेजारच्या खाटेवरचे सलीमभाई म्हणाले, "गुरुजी, जुलाब म्हणजे मुळात गुलाब, बरं का. फारसीतलं गुलाबपाणी. अरबीत जाऊन त्याचं जुलाब झालं. आमचे अब्बा सांगायचे."

"लई घाण वासाचा गुलाब हाय," मी म्हणालो. दोघंही हसलो.

मग ते हळूच म्हणाले, "मी पण वर्षभर घरात बोललो नाही. आता लिव्हरला गेलंय."

मी उठून त्यांच्या खाटेवर जाऊन बसलो.

ऑपरेशनमध्ये कोलोस्टोमी केली, म्हणजे शौचासाठी पोटाला वाट काढून तिथे पिशवी लावली. कायमची. पहिला महिना बायकोनेच ती बदलली. एकदाही तोंड फिरवलं नाही.

घरी आल्यावर ओट्यावर चार माणसं भेटायला बसली. "काय झालं हुतं, गुरुजी?"

"हगताना रक्त पडायचं," मी म्हणालो. "लाजेनं लपवलं. तुम्ही लपवू नका."

सगळे खाली बघू लागले. चहा घेऊन गेले. त्यातला दूधवाला अण्णा तेवढा फाटकातून परत आला.

"गुरुजी, मला बी पडतंय. दिवाळीपासनं."

मला अजून नीट बसवत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर नगरच्या एसटीत चढलो.